नाव कमी करा

आमच्या घरी आहेराच्या तीन वह्या आहेत. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली 'केजचे मामा, ११ रु., टॉवेल-टोपी' अशी ओळीने नोंद. बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळाचा गर काढून, गोठवून विकायचा धंदा सुरू केला तेव्हा पुतण्याने या वह्या मागून नेल्या. "काका, गिऱ्हाइकांची यादी आयती आहे की!" वहीतल्या नावांवरून पोरांनी एकमेकांना विचारून मेलचे पत्ते गोळा केले. तीनशेच्या वर भरले. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा जाहिरातीत लिहायला मजकुराची कमी नव्हती. पण मजकूर वाचायला मेल उघडला तर पाहिजे! म्हणून पुतण्याने वर विषय टाकला : 'अत्यंत तातडीचे'.

तारेची सवय असलेली आमची माणसं. दुपारपर्यंत सात फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "कोण गेलं?" वडवणीच्या आत्या तर आधी रडल्या, मग बोलल्या, आणि सीताफळाचा गर आहे म्हटल्यावर जे बोलल्या ते इथे छापता येणार नाही.

रात्री न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. त्यालाही मेल गेला होता. "मामा, आमच्याकडे २००३ पासून यासाठी कायदा आहे. विषय खोटा टाकायचा नाही, खाली धंद्याचा टपालाचा पत्ता द्यायचा आणि कुणी 'नको' म्हटलं की कामकाजाच्या दहा दिवसांत त्याचं नाव काढायचं. नाहीतर दंड. एकेका मेलमागे पन्नास हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो." मी मनातल्या मनात तीनशेने गुणायला घेतलं आणि सोडून दिलं. तेवढे पैसे मोजायला अख्ख्या बालाघाटाला सीताफळाऐवजी डॉलर लागले पाहिजेत.

आपल्याकडे नुसत्या मेलसाठी असा वेगळा कायदा नाही. एसएमएसला मात्र आहे. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा, दोन्हींची आधी नोंदणी करावी लागते. आता तर जाहिरात असेल तर नावाच्या शेवटी 'पी' अक्षर लागतं. दवंडीला हे काही लागत नसे. हलगी वाजली की कोतवाल आला हे शेंबड्या पोरालाही कळायचं. मेलला हलगी नाही, हीच अडचण.

शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, पण त्यातलं एक कलम मला फार आवडलं : संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं पाहिजे. ते वाचून मी आहेराची वही पुन्हा उघडली. केजच्या मामांनी अकरा रुपये आणि टॉवेल-टोपी दिली ती लग्नाला. पुढे सीताफळाचे भाव ऐकवा, असं काही ते म्हणाले नव्हते.

मग आम्ही रीतसर माफीचा मेल पाठवला. खाली दुकानाचा पत्ता घातला. 'अनसबस्क्राइब'ला मराठी काय लिहावं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी रेशनकार्डातला शब्दच कामाला आला : 'नाव कमी करा'.

आठ दिवसांत कुणी बोट लावलं नाही. नवव्या दिवशी केजचे मामा एसटीने बीडला आले. पिशवी मांडीवर घेऊन दुकानात बसले. चहा झाला, पावसाचं झालं, माझ्या शुगरचं झालं. तासाभराने हळूच म्हणाले, "काय पाठवायलास रं ते? पोरगं वाचून दाखवतं रोज. वाईट वाटून घेऊ नको, पण माझं नाव तेवढं कमी कर."

"मामा, खाली बटण होतं की."

"बटण दाबून कुठं भाच्याकडलं नाव कमी करतात का?"

त्यांच्यासमोरच नाव काढलं. जाताना त्यांनी दोन किलो गर नेला आणि पैसे दिल्याशिवाय पायरी उतरले नाहीत.

तर ज्यांना ज्यांना माझा मेल आला असेल त्यांना विनंती, खालचं बटण खुशाल दाबा, मी वाईट वाटून घेणार नाही. बटण दाबायला जड जात असेल तर दुकानात या. फक्त दुपारी चारनंतर या, त्याआधी शटर अर्धं खाली असतं.