एम-थ्रीचं पानिपत

मराठी इतिहासात पराभव काही थोडेथोडके नाहीत, पण सामान्यनाम होण्याचा मान एकट्या पानिपताला मिळाला. क्रिकेटचा सामना हरला की पानिपत, निवडणुकीत अनामत जप्त झाली की पानिपत, आणि एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा, निकाल लागला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या अख्ख्या बाकाचं पानिपत. खुद्द पानिपतकरांच्या हे गावीही नसतं. त्यांना गावाचं नाव घेतलं की कांबळी, लोणचं आणि तेलशुद्धीकरण कारखाना आठवतो. त्याच जिल्ह्यात समालख्याला चक्क एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. म्हणजे पानिपतात बसून पानिपत करून घ्यायची सोय तिथे घरच्या घरी आहे. आपल्या मुलांना मात्र त्यासाठी एवढ्या लांब जावं लागत नाही. तेव्हा प्रश्न असा की, हा शब्द आपण नापास होण्याला इतक्या सहज लावतो, तर तो नीट लावतो का? आपल्याला अभिप्रेत असतं ते इतकंच, की एका दिवसात सगळं संपलं. माझं म्हणणं असं की ते एका दिवसात संपलं नव्हतं, ना तिथे, ना एम-थ्रीत.

पानिपतच्या लढाईच्या तारखा बघा. ३ फेब्रुवारी १७६० ला मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाला नमवलं. याला आपण पहिल्या वर्षाचा फर्स्ट क्लास म्हणू. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, म्हणजे सेमिस्टर सुरू झाली आणि नव्या वह्या आणल्या. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकला, तिथे धान्यही मिळालं आणि पैसाही. ही इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा. इन-सेमला बरे गुण पडले की विद्यार्थी जे करतो तेच इथे झालं: कुरुक्षेत्राच्या तीर्थयात्रेचा बेत ठरला. (हल्ली गोव्याचा ठरतो.) आणि नेमक्या त्याच आठवड्यात अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतापाशी यमुना उतरून मराठी सैन्य आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. दक्षिणेची वाट बंद. पुढचे अडीच महिने पानिपतात खंदक खणून बसणं, आणि मग १४ जानेवारी १७६१. लढाईच्या दिवशी शौर्यात काडीचीही उणीव नव्हती. मराठ्यांच्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी अब्दालीकडच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. उणीव होती ती पोटात. फौज उपाशी होती. परीक्षेच्या आदल्या रात्री चार कप चहावर लाप्लास ट्रान्सफॉर्मशी झुंजणाऱ्या मुलाच्या शौर्याबद्दलही मला शंका नाही. त्याची रसद ऑक्टोबरात तुटली, एवढंच.

आता रसद म्हणजे काय, तर रोजचा थोडा थोडा अभ्यास, असं कुठलाही काका सांगेल, आणि काकांच्या सांगण्याला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी जी किंमत देतो तीच देईल. त्याचा आक्षेप ठरलेला असतो: पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, कशाला दिली आहे? रात्रभर वाचलं की सकाळी सगळं आठवतं. हे खोटं नाही, आणि म्हणूनच घातक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मिटला आणि आठवेल तसा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा उतरवणारे पुढे. गंमत म्हणजे आपल्याला सगळं लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. गाइडातलं सोडवलेलं उदाहरण वाचताना आपल्यालाही अशीच खात्री वाटते. इन्व्हर्स लाप्लास, पहिली ओळ समजली, दुसरी समजली, उत्तर तर फारच सुंदर. पुस्तक मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर घ्या. तिसऱ्या ओळीत पार्शल फ्रॅक्शन येतं, बारावीत सोडून दिलेलं, आणि पेन तिथेच थांबतं. हे पेन ऑगस्टमध्ये थांबलं तर बारावीचं पुस्तक काढता येतं. परीक्षेच्या हॉलमध्ये थांबलं तर पंख्याकडे बघता येतं. अब्दालीने दुपारपर्यंत राखीव फौज हाताशी ठेवली होती. आपल्या मुलाकडे सकाळी दहा वाजता होतं नव्हतं ते सगळं मैदानात उतरलेलं असतं, आणि तिसरा प्रश्न दुपारी येतो.

पण नुसत्या सवयीने भागत नाही, सोबतीही लागतात, आणि पानिपताचा खरा धडा इथेच आहे. अब्दालीसुद्धा परकाच होता, त्याचंही घर कोसच्या कोस दूर. त्याला तारलं ते रोहिला सरदार नजीबखानाने: रोहिलखंडातून धान्य आणलं आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याची मनधरणी करून त्यालाही ओढून आणलं. भाऊसाहेबांकडे काय होतं? राजपूत घरी बसले, भरतपूरचा सूरजमल जाट दिल्लीतूनच निघून गेला, आणि दुआबातून रसद पाठवायचं व शत्रूची तोडायचं सगळं ओझं म्हाताऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांवर. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि ती वाट बंद झाली. पेशवे स्वतः त्या डिसेंबरात पैठणला दुसऱ्या लग्नाच्या बोहल्यावर होते. प्रत्येक हॉस्टेलमध्ये असा एक गोविंदपंत असतो. त्याच्याकडे सगळ्यांची टर्मवर्क, सगळ्यांच्या असाइनमेंटा, मागच्या पाच वर्षांचे पेपर. डिसेंबरात तो कावीळ होऊन गावी जातो आणि मजल्यावर हाहाकार होतो.

यावर हुशार मुलं म्हणतात, टॉपर तर एकटाच अभ्यास करतो. बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन या गणित शिकवणाऱ्या तरुणाला नेमकं याच्या उलट दिसलं. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मागे का पडतात, याबद्दल प्राध्यापकांचे अंदाज तयार होते: मुलांना गोडी नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. ट्राइसमन मुलांच्या मागोमाग त्यांच्या खोल्यांपर्यंत गेला आणि हे अंदाज पडले. ती मुलं मन लावून अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं आधी आपापलं गणित सोडवत, मग एकत्र जेवत, वह्या समोर टाकत, एकमेकांची उत्तरं तपासत, एकमेकांची परीक्षा घेत. आपलं चुकतंय की गणितच अवघड आहे, हे त्यांना त्याच रात्री कळे. एकट्याला ते निकालाच्या दिवशी कळे. मग ट्राइसमनने मुलांना एकत्र बसवून मुद्दाम अवघड गणितं द्यायला सुरुवात केली, आणि निकाल सुधारले. खोलीचं दार लावून, कानात इअरफोन घालून बसणारा आपला विद्यार्थी खंदकच खणत असतो. खंदकाने शत्रू बाहेर राहतो हे खरं, पण धान्याची गाडीही बाहेरच राहते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, कारण तो अनुभवी पालकांचा आहे: ग्रुप स्टडी म्हणजे टपरीवर दोन तास आणि मोबाइलवर चार. कबूल. पण हा दोष मैत्रीचा नाही, बुणग्यांचा आहे. भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडं भारी होती: बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. सूरजमलचा सल्ला होता की हा लवाजमा आणि जड तोफा मागे सुरक्षित ठिकाणी ठेवा आणि गनिमी काव्याने लढा. तो मानला गेला नाही. अभ्यासाच्या चौकडीलाही हाच सल्ला लागू आहे. बसण्याआधी प्रत्येकाने स्वतः दोन गणितं सोडवून आणायची. ज्याने आणली नाहीत तो त्या संध्याकाळपुरता यात्रेकरू. त्याला दर्शन घेऊ द्यावं, मुक्काम करू देऊ नये.

राहिले सीनियरचे नोट्स. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून आलेले, समासात तीन पिढ्यांची अक्षरं, आणि एका आकृतीत बाण आहे की डाग हे देवालाच ठाऊक. जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारण्याची परंपराही याच कुळातली: खाली काच, काचेखाली दिवा, वर दुसऱ्याची शीट. हे सगळं टाकाऊ आहे का? इथे आजच्या पानिपताकडे बघावं. जगभरचे जुने लोकरी कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात. बायका बसून आधी गुंड्या आणि चेन कापून काढतात, मग रंगांप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्रात त्याच्या चिंध्या होतात, चिंध्यांचं सूत होतं आणि सुतापासून कांबळं. परदेशातल्या कुणाचा तरी कोट तसाच अंगावर चढवून पानिपतकर धंदा करत नाही. आपण मात्र सीनियरचा कोट गुंड्यांसकट घालून परीक्षेला जातो, आणि त्याने २०१६ साली केलेली ऋण चिन्हाची चूक आपल्या उत्तरपत्रिकेत प्रामाणिकपणे पुन्हा उतरते.

एवढं करूनही केटी लागतेच काहींना, म्हणजे विषय राहतो आणि पुन्हा द्यावा लागतो. त्यांच्यासाठी शेवटची एक हकिकत. लढाईनंतर उपाशी, जखमी, अंगावर धड वस्त्र नसलेली मराठी माणसं दक्षिणेकडे पळत सुटली, तेव्हा त्यांना आसरा दिला, जेवू घातलं, ते त्याच सूरजमलने. ‘मी सांगत नव्हतो का?’ असं तो म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. ऑगस्टात ज्याचं ऐकलं नाही तो वर्गमित्र मात्र म्हणतो, दिवसातून तीन वेळा म्हणतो. म्हणू द्यावं, कारण ते म्हणता म्हणता तो पार्शल फ्रॅक्शनचं पान काढून समोर ठेवत असतो.