यथाशक्ती खोली मिळेल

गाणगापुरात "खोली केवढ्याला?" असं विचारू नये. मी विचारलं होतं.

सोलापूरहून रेल्वेनं गाणगापूर रोडला उतरून, पुढचे वीसेक किलोमीटर सात जणांच्या जीपमध्ये बारावा म्हणून काढून मी निर्गुण मठाजवळच्या एका गल्लीत शिरलो. 'यात्री निवास. नाश्त्यासह.' अशी पाटी दिसली. पाटीखाली ओट्यावर धोतर, बनियन आणि कपाळभर भस्म अशा थाटात अण्णा बसलेले. मी तो प्रश्न विचारला. अण्णांनी आधी माझ्या चपलांकडं पाहिलं, मग पिशवीच्या तुटक्या चेनकडं, मग घड्याळाकडं. घड्याळ माझ्या मनगटावरचं. मग म्हणाले, "बर्री, बर्री. आधी पाणी घ्या की."

तोंडाला तांब्या लावलेल्या माणसाला भाव विचारता येत नाही. तेवढ्यात अण्णांची चौकशी सुरू झाली. गाव कोणतं? नोकरी की धंदा? एकटेच, की मागून कुणी यायचंय? पारायणाला बसणार, की नुसतं दर्शन? आणि शेवटी, आवाज खाली आणून, "नवस बोलायला आलाव, की फेडायला?"

मला वाटलं, काय हा जिव्हाळा! पुढच्या चार-पाच वर्षांच्या येण्याजाण्यात कळलं की ती बिलाची आकडेमोड होती. पुणं-मुंबई म्हटलं की दोनशे वर. सोलापूर, लातूर, उमरगा म्हणजे घरचेच, त्यांना ना वर ना खाली. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस उठताबसता नरसोबाच्या वाडीशी तुलना करतो, म्हणून त्याला पन्नास आधीच कमी, कटकट वाचते. गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणाला बसणारा एकभुक्त राहतो, पहाटे गार पाण्यानं आंघोळ करतो आणि टीव्ही मागत नाही, म्हणून त्याला आठवड्याचा ठोक भाव. सगळ्यांत मोलाचा प्रश्न नवसाचा. बोलायला आलेला अडचणीत असतो, फेडायला आलेला खुशीत. दोघांच्या खोलीत तीनशे रुपयांचं अंतर, खोली एकच असली तरी.

हे अण्णा एकटे नव्हेत. गाणगापुरापासून हुमनाबादच्या माणिकनगरापर्यंत आणि तिथून बिदरच्या नरसिंह झऱ्यापर्यंत, देवाच्या आसऱ्यानं चार-सहा खोल्या बांधून बसलेली ही एक जमातच आहे. कुठं त्यांना अण्णा म्हणतात, कुठं अप्पा, कुठं नुसतंच मालक. धोतराच्या जागी पॅंट असेल, ओट्याच्या जागी काउंटर असेल. चपलांकडं जाणारी नजर तीच.

आमच्या अण्णांच्या खोल्या सहा, पण भाव मोजायला बसलं तर साठ भरतील. भिंतीवर दिनदर्शिका दोन, एक मराठी आणि एक कन्नड. दत्त दोन्हींतला एकच, सुट्ट्या मात्र वेगळ्या. मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती आणि माघ वद्य प्रतिपदेची गुरुप्रतिपदा यांच्याभोवती लाल शाईचे दुहेरी गोल. त्या दिवसांत अण्णा दर सांगत नाहीत, नुसतं आढ्याकडं बघतात. गिऱ्हाईक आपणच आकडा बोलतं. इतर पौर्णिमांना एक गोल, गुरुवारला अर्धा. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला तर मारुतीला नारळ. दहावीच्या निकालाआधीचा आठवडा नवस बोलणाऱ्यांचा, म्हणून स्वस्त. नंतरचा फेडणाऱ्यांचा, म्हणून महाग. महाराष्ट्राचा निकाल आणि कर्नाटकाचा निकाल वेगवेगळ्या दिवशी लागतो, ही अण्णांच्या मते महाराजांचीच योजना आहे.

रेल्वेनं सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना नवा नियम लावला. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर. पेपरात ते वाचून अण्णा हसले. "आमचे आजोबा करत होते ते सरकारला आत्ता सुचलं होय?" आजोबांचं काम तर याहून अवघड होतं. मुलूख निजामाचा, त्यामुळं इथं हाली सिक्का चालायचा आणि सोलापूरकडचा यात्रेकरू इंग्रजांचा कलदार रुपया घेऊन यायचा. शंभर कलदारला एकशे सोळाच्या आसपास हाली पडायचे. म्हणजे आजोबांना माणसाचा चेहरा, आजची तिथी आणि आजची हुंडणावळ असं तिन्ही एका दमात तोंडी धरावं लागे. नातवाच्या नशिबी रुपया एकच आला. त्याची उणीव त्यानं चेहऱ्यात भरून काढली.

जीएसटीनं मात्र अण्णांना एकदा गोंधळात टाकलं. १८ जुलै २०२२ च्या आधी हजाराच्या आतल्या खोलीला कर नव्हता. त्यामुळं लॉजांच्या पाट्यांवर ९९९ या आकड्याला मोठा मान. कलबुर्गीला जाऊन तो बघून आल्यावर अण्णांनीही 'फक्त ९९९' अशी पाटी रंगवून घेतली. पण एक रुपया परत द्यायला सुट्टे कुठून आणायचे, या अडचणीपायी पाटीवरचा भाव आजवर कुणालाच लागू झालेला नाही. अण्णांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून कर त्यांना तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. मोठ्या लॉजांना तो लागल्यावर मात्र अण्णांना बोलायला एक वाक्य मिळालं. "तिकडं उतरला तर सरकारला द्यावं लागतंय. इथं काय द्याल ते महाराजांना." महाराजांच्या वतीनं नोटा मोजून घ्यायला अण्णा स्वतः असतात.

खोली नंबर चारमध्ये एसी आहे. त्या खोलीचे भाव तीन. एसी चालू हवा असेल तर एक, बंद चालत असेल तर दुसरा, आणि बंद असला तरी 'आम्ही एसीत उतरलो' असं घरी सांगायचं असेल तर मधला तिसरा. मे महिन्यात इकडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. मग सहाही खोल्यांची एकच जात होते, सगळे यात्रेकरू चटया घेऊन गच्चीवर. गच्चीचा भाव अण्णांनी अजून लावलेला नाही. विचार चालू आहे असं अण्णांच्या घरच्या काकू सांगतात.

अण्णांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. एका दिवाळीत तो आला, सहाही खोल्यांचे चादर ताणून फोटो काढले आणि खोल्या एका ॲपवर चढवल्या. सरसकट बाराशे, नाश्त्यासह, पैसे आधी. चार दिवसांत हैदराबादचं एक जोडपं दारात उभं राहिलं. फोन पुढं धरून म्हणालं, "बुक्ड. पेड." अण्णांचा चेहरा पडला. पैसे आले होते, पण विचारायला काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी तांब्या आणला आणि सगळे प्रश्न विचारलेच. जोडपं नवस फेडायला आलेलं निघालं. तीनशे हुकले म्हणून अण्णांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात ॲपवरूनच आलेला एक तरुण नवस बोलायला आलेला निघाला, तर त्याला बाराशेतले तीनशे अण्णांनी रोख परत दिले. मुलगा फोनवर ओरडला, "बाबा, असं नसतं करायचं!" खाली गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला होता. 'खोली स्वच्छ. सुशीला उत्तम. मालक फार प्रश्न विचारतात. तीन तारे.' अण्णांनी हिशेब केला, तीन प्रश्नांचे तीन तारे. पुढच्या पाहुण्याला पाच विचारले.

या सुशीलेबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाचकांचा गैरसमज व्हायचा. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वर कोथिंबीर आणि लिंबू. हा काकूंचा नाश्ता. सकाळी आठला चौकात पाट मांडले जातात आणि सहाही खोल्यांची माणसं ओळीनं बसतात. सहा भावांची माणसं एका ओळीत बसवणं ही अण्णांच्या धंद्यातली एकमेव चूक. एके दिवशी ती अंगलट आली.

मिरजेच्या कापडवाल्यानं लिंबू पिळता पिळता शेजारी विचारलं, "तुम्हाला केवढ्याला पडली हो खोली?"

चौकात सुशीला चावल्याचा आवाजही थांबला. पुण्याचा संगणकवाला म्हणाला, चौदाशे. मिरजेकर स्वतः साडेसातशे. मी सहाशे. कोपऱ्यात निलंग्याचे निवृत्त मास्तर बसले होते, ते म्हणाले, तीनशे. खोल्या सगळ्या सारख्या, पंखे सारखेच कुरकुरणारे, बादल्यांचा रंगही एकच. आता पुणेकर पेटणार म्हणून मी ताटली सावरून बसलो. पुणेकर हसला. "चौदाशेत खोली आणि वर सुशीला? आमच्याकडं एवढ्यात नुसता नाश्ता येतो," म्हणाला आणि त्यानं आणखी वाढून घेतलं.

पेटले ते मास्तर. "तीनशे? माझी शक्ती तीनशेचीच दिसली होय तुम्हाला? छत्तीस वर्षं शाळेत घासली! पेन्शन आहे! लेक कॅनडात आहे!"

"लेकीचं सांगितला नाहीत की हो!" अण्णा कळवळून म्हणाले. "मी विचारलो होतो."

मास्तरांनी पाकीट काढलं आणि आठशे रुपये पाटावर आपटले. अण्णांनी तीनशे उचलले, उरलेले पाचशे मास्तरांच्या खिशात परत कोंबले आणि हळूच म्हणाले, "बोलायला आलाव नव्हं तुम्ही?" मास्तर गप्प झाले. बाकीचे आपापल्या ताटलीत बघायला लागले. काकूंनी मास्तरांना न विचारता चहा दिला.

मास्तर दर्शनाला गेल्यावर मी अण्णांना गाठलं. म्हटलं, हा सगळा प्रकार आहे तरी काय? अण्णा म्हणाले, "पणजोबांच्या वक्ताला दर नव्हता. चार दिवस ऱ्हावं, जेवावं, जाताना देवापुढं यथाशक्ती ठेवावं. ठेवणाऱ्याला आपली शक्ती ठाऊक होती. आता पुण्याचा माणूस एवढी मोठी गाडी घेऊन येतो आणि अकरा रुपये ठेवतो. निलंग्याचा मास्तर उसने काढून पाचशे ठेवतो. ज्याची त्याला शक्ती कळंना झाली. मग कुणीतरी बघून सांगायला नको का?"

यथाशक्ती हा शब्द तोच राहिला. फक्त शक्ती ठरवायचं काम पाहुण्याकडून मालकाकडं आलं, एवढाच काय तो पिढ्यांतला फरक.

पण अण्णांची ही नजर चोवीस तास चालत नाही. गाणगापुरात रोज दुपारी मधुकरी असते. सकाळी भीमा-अमरजेच्या संगमावर आंघोळ, मग निर्गुण पादुकांचं दर्शन, आणि दुपारी झोळी घेऊन निदान पाच घरं मागायची. लखपती असो की हमाल, त्या वेळी सगळे मागणारे. आणि त्या मागणाऱ्यांत दत्तमहाराज स्वतः वेष पालटून असतात, अशी इथली श्रद्धा. त्या दिवशी बाराच्या सुमाराला चौदाशेवाला पुणेकर उघड्या अंगानं, पंचा नेसून, झोळी पसरून अण्णांच्याच दारात उभा होता. त्याच्यामागं मिरजेकर, त्याच्यामागं मास्तर. काकू एकेकाच्या झोळीत भाकरी आणि भात घालत होत्या, तुरीच्या डाळीचं भांडं शेजारी. ओट्यावर अण्णा होते, पण मान खाली घालून. सकाळपासून माणसं पारखणारा हा गृहस्थ त्या पाऊण तासात एकदाही वर बघत नाही, हे मी पूर्वीही पाहिलं होतं. त्या दिवशी कारण विचारलं.

"यात महाराज कोण ते कळत न्हाई की," अण्णा म्हणाले. "बघितलो, आणि अंदाज चुकला तर? आणि त्या वक्ताला कुणाच्या पायात चपलाही नसतात."

मला मात्र ते सहाशे डाचत होते. मास्तरांचं समजलं, पण मी? साडेसातशेचा कापडवाला आणि सहाशेचा मी, असं काय कमी दिसलं माझ्यात? म्हणून परवाच्या खेपेला मी तयारीनं गेलो. शर्ट कडक इस्त्रीचा, मुलाचं मोठ्या डायलचं घड्याळ, नवी कोरी बॅग. ओट्यावर टेकायच्या आत सांगून टाकलं की या वेळी नवस फेडायला आलोय. अण्णांनी तांब्या दिला आणि वरपासून खालपर्यंत निवांत बघून घेतलं.

"साडेपाचशे," म्हणाले.

"अण्णा, मागच्या वेळी सहाशे होते."

"मागच्या वेळी चपला नव्या होत्या."