आवड: उत्तर ध्रुव

कायद्याच्या कॉलेजांची माहितीपत्रकं मी वधूवर सूचीच्या चवीने वाचतो. शिक्षण, अनुभव, सध्याचा हुद्दा इथपर्यंत सगळं सरळ असतं. गंमत शेवटच्या रकान्यात: ‘संशोधनाचे विषय’. स्थळांच्या यादीत जसं प्रत्येकाला वाचन आणि प्रवास आवडतो, तसं इथे प्रत्येकाला राज्यघटना आणि मानवी हक्क आवडतात. वय जरा कमी असेल तर बौद्धिक संपदा. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्ता सगळ्यांना एकाच हंगामात आवडू लागली आहे. भाडेनियंत्रण कायद्यावर जीव जडलेला प्राध्यापक मात्र मला अजून सापडलेला नाही, आणि मुंबईला गरज आहे ती नेमकी त्याचीच.

या गुरुजनांचे दोन पंथ. वकिली करता करता दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवायची मुभा वकिलांना १९७९च्या नियमांनी दिली आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला मात्र एरवी कोर्टात उभं राहता येत नाही. त्यामुळे पहिल्या पंथाचे सर सकाळच्या तासाला गळ्यात पांढरा बँड लावूनच येतात, पुराव्याचा कायदा शिकवताना बोर्डावर आपली केस कितवी आहे ते फोनवर बघतात आणि कलम अर्ध्यात सोडून जिना उतरतात. दुसऱ्या पंथाच्या मॅडमना प्रत्येक कलमाच्या पोटातलं परंतुक तोंडपाठ असतं, पण उलटतपासणी घ्यायला त्यांच्या हाती तोंडी परीक्षेला आलेली पोरंच लागतात. पोरांनी यातून मार्ग काढला आहे: सरांकडून कोर्ट शिकायचं, मॅडमकडून कायदा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड आणायचं.

जुन्या मंडळींनी तो शेवटचा रकाना कसा भरला असता, याचा मी विचार करत बसतो. लोकमान्य टिळक पुण्यात वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालवत. संशोधनाचे विषय: मृगशीर्ष नक्षत्र आणि उत्तर ध्रुव. १८९३च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी नक्षत्राच्या जागेवरून वेदांचं वय काढलं आणि १९०३च्या ग्रंथात आर्यांचं मूळ घर थेट ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं. आजच्या निवड समितीने चष्मा खाली घेऊन विचारलं असतं, “याचा कायद्याशी संबंध काय?” नीट पाहिलं तर आहे. मूळ वास्तव्य कुठे, तिथून निघाले कधी, साक्षीला कोण, तर वेदातल्या ऋचा. मांडणी अस्सल दिवाणी दाव्याची आहे. निकाल मान्य करायचा की नाही, हा अपिलाचा भाग.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५चं. डॉ. आंबेडकर १९३५मध्ये तिथे प्राचार्य झाले तेव्हा बॅरिस्टरीबरोबर कोलंबिया आणि लंडनची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट त्यांच्या नावापुढे होती. सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवून झालं होतं, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३मध्येच आला होता. प्राचार्य असतानाच, १९३६मध्ये, जातिनिर्मूलनावरचं लाहोरला होऊ न शकलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं. त्यांना रकाना पुरला नसता, पुरवणी जोडावी लागली असती. पुढे त्याच खुर्चीवर असफ फैजी आले. इस्लामी कायद्यावरचं त्यांचं पुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचलं. पण त्यांचं मन रमलं होतं फातिमी काळातल्या एका अरबी कायदेग्रंथाच्या हस्तलिखितांत. मधे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूतही होऊन आले.

या सगळ्यांवर ताण म्हणजे पां. वा. काणे. शिकवायला सुरुवात संस्कृतची, मग हायकोर्टात वकिली, काही वर्षं याच कॉलेजात कायद्याचे तास. ‘व्यवहारमयूख’ या जुन्या ग्रंथाची आवृत्ती तयार करताना त्यांना वाटलं, वाचकाच्या सोयीसाठी धर्मशास्त्राचा थोडा इतिहास प्रस्तावनेत द्यावा. ती प्रस्तावना ग्रंथात मावेना म्हणून वेगळी काढली. पहिला खंड १९३०मध्ये निघाला, पाचवा १९६२मध्ये. पानं सहा हजारांच्या वर. पुढच्या वर्षी भारतरत्न. प्रस्तावनेला मिळालेला एवढा मोठा सन्मान दुसरा नसावा.

ही माणसं कायद्याच्या वर्गात आडवाटेने आली म्हणून मोठी झाली, असं मला मुळीच म्हणायचं नाही. आडवाटेने जाणारे बहुतेक लोक नुसतेच उशिरा पोचतात. पण कायद्याजवळ स्वतःचं असं फारसं काही नसतं. जमीन शेतकऱ्याची, चेक व्यापाऱ्याचा, लग्न दोन घरांचं, मृत्युपत्र आजोबांचं. हे सगळं बाहेरून येतं आणि कलमांच्या दारात उभं राहतं. त्याला ओळखणारं कुणीतरी आत असावं लागतं. हिशेब, व्याकरण, अरबी, आकाश यांतलं काहीतरी मनापासून कळणारा मास्तर त्याला लवकर ओळखतो.

म्हणून माझी माहितीपत्रकवाल्यांना एक सूचना आहे. ‘संशोधनाचे विषय’ राहू द्या, पण खाली आणखी एक रकाना द्या: ‘याशिवाय?’ तिथे कुणी नक्षत्रं लिहील, कुणी ऊसदर, कुणी सोसायटीच्या पार्किंगची भांडणं. विद्यार्थ्यांनी पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना तो आधी वाचावा. फक्त तिथे कुणी ‘सध्या एक छोटीशी प्रस्तावना लिहीत आहे’ असं म्हटलं असेल, तर पदवी मिळेपर्यंत नातवंडांची मुंज होऊन जाईल, एवढं लक्षात ठेवावं.