फुलपाखरांची सरबराई : अंगणमालकांसाठी सूचना

तेलगावात घरापुढे बाग करायची ठरली की आधी पेव्हर ब्लॉक बसवतात, मग उरलेल्या हातभर मातीत शोभेचा पाम लावतात. पाम खुशाल लावा. फुलपाखरू त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

मधासाठी पेंटास, एक्झोरा, सदाफुली, झेंडू लावावेत. घाणेरी फुकट मिळते आणि फुलपाखरांची आवडती आहे. पण ती परदेशी आगंतुक एकदा कुंपणात शिरली की सातबाऱ्यावर नाव लावल्याशिवाय थांबत नाही.

फुलांवर चहापाणी होतं, बाळंतपणाची सोय वेगळी लागते. त्यासाठी रुई, कण्हेर, लिंबू, सीताफळ ठेवावं. बालाघाटाच्या पायथ्याशी राहून सीताफळ नसणं शोभतही नाही. आणि कढीपत्ता तर हवाच. त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली तर पुसायला धावू नये. ती अळी असू शकते. पुढे ती हिरवीगार होते. बोट लावलंत तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि असा वास सोडते की माणूस हात धुवायला पळतो.

इथून खरी परीक्षा. घरातून आवाज येईल, "फोडणीला एक पान राहिलं नाही!" तेवढ्यात शेजारचे काका कपाशीवर मारून उरलेलं औषध पंपात घेऊन हजर. "वहिनी, झाडाला अळ्या लागल्यात, मारू का फवारा?" काकांचा हेतू नेक असतो, म्हणूनच ते जास्त धोकादायक. स्वयंपाकघरासाठी कढीपत्त्याचं दुसरं झाड आधीच लावून ठेवावं. एक अळ्यांचं, एक आमटीचं. वाटणी लेखी असलेली बरी.

नळ गळत असेल तर प्लंबरला लगेच बोलावू नये. ओल्या चिखलातले क्षार शोषायला नर फुलपाखरं जमतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना हा उपाय मात्र कोणाला सांगू नका.

नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू. 2015 साली तसं जाहीर झालं. पण ते सह्याद्रीकडच्या दमट झाडीत रमणारं. त्याच्यासाठी हारतुरे घेऊन फाटकात उभं राहू नये. रुईवरचं केशरी, लिंबावरचं काळं-पिवळं आलं तरी मान मोठा.

लागवड मृगात करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, उसाच्या गाड्या रस्त्याला लागायच्या आधी, अंगणात वर्दळ दिसेल. तोवर काकांचा पंप कुठे असतो, तेवढं बघून ठेवा.