मत नसलेला माणूस

पुण्यात मत नसलेला माणूस सापडणं कठीण. मेट्रोचे खांब कुठे हवे होते, अमृततुल्यच्या चहात आलं किती असावं, सिंहगडावरचं पिठलं पूर्वीसारखं का राहिलं नाही, या सगळ्यांवर इथे प्रत्येकाचं मत तयार असतं आणि ते मागावंही लागत नाही. अशा या शहरात, मार्केट यार्डाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, मला एक बिनमताचा माणूस भेटला. तो गाड्यांचा वायरमन आहे.

त्याच्याकडे येतात त्या बहुतेक डिझेल पिकअप. या गाड्यांचं आणि पुण्याचं नातं जुनं. टाटांची पहिली पिकअप, टाटामोबाईल 206, आली 1988 साली ती पुण्याच्याच कारखान्यातून. 2005 च्या मे महिन्यात आलेला टाटा एस, ज्याला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो, तोही सुरुवातीला इथलाच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. बनतं तिथे बिघडत नाही, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

पहाटे नारायणगावचे टोमॅटो घेऊन आलेली गाडी बंद पडते आणि टोचन करून शेडपाशी आणली जाते. बॉनेट उघडायच्या आत निदानं तयार असतात. ड्रायव्हर म्हणतो सेल्फ गेला. हमाल म्हणतो बॅटरी बसली. चहावाल्याला डिझेलात पाणी दिसतं. फिरायला निघालेले एक निवृत्त काका काठी टेकवून सांगतात, "डिझेलला करंट लागतच नाही हो, वायरिंगकडे काय बघताय?"

काकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगीची भानगडच नव्हती. हवा इतकी दाबायची, की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावं. जुनी डिझेल गाडी एकदा उतारावर धक्का मारून सुरू झाली, की बॅटरीकडे ढुंकूनही बघत नसे. बंद करायला दांडी ओढावी लागे. पुढे त्या दांडीच्या जागी एक सोलेनॉइड आला. त्याला करंट मिळाला तर डिझेल पुढे जातं, नाहीतर इंजिन नुसतं गरगर फिरतं आणि पेट घेत नाही. काकांचं ज्ञान त्या दांडीपाशी थांबलं होतं.

वायरमन हे सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "काय झालं असेल ते नको. काय झालं ते सांगा." चावी फिरवल्यावर एकदाच टक् झालं, की टकटकटक असं सलग वाजलं? दिवे मंद झाले, की तसेच राहिले? सलग टकटक म्हणजे बहुधा बॅटरीचा दम संपलाय. एकदाच टक् म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड बसतोय, पण मोटर फिरत नाही. तरीही तो "बहुधा"च्या पुढे जात नाही. पुढचं बोलणं बल्बचं.

हेडलाइटचा जुना बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा एवढंच त्याचं मुख्य हत्यार. मीटर आहे, पण वायर तपासताना त्याचा त्यावर पूर्ण विश्वास नाही. आतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी शिल्लक राहिली, तरी मीटर ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः काही ओढतच नाही. बल्ब लावला की त्या एका तारेची लाज निघते. बॅटरीचंही तसंच. 12 व्होल्टच्या बॅटरीत 12 व्होल्ट दिसले की ड्रायव्हर खूश होतो. प्रत्यक्षात भरलेली बॅटरी 12.6 दाखवते, आणि 12 म्हणजे ती जवळजवळ रिकामी.

बिघाड शोधायला तो गाडीचा इतिहास वाचतो. तो टेपच्या गुंडाळ्यांमध्ये लिहिलेला असतो. कंपनीने दिलेला हॉर्न मालकाला मिळमिळीत वाटला म्हणून नवा बसवला. मग गाणी आली, केबिनमध्ये पंखा आला, कपाळावर एलईडीची पट्टी आली. गणपतीत माळा जोडल्या, विसर्जनानंतर माळा निघाल्या, त्यांच्या वायरी मात्र पुढच्या वर्षी लवकर या म्हणत तिथेच राहिल्या. प्रत्येक जोड कुठल्यातरी वायरीचं कातडं सोलून, पिळून, वर टेप मारून केलेला. फ्यूज वारंवार जायला लागल्यावर कुणीतरी त्याच्या जागी जाड तार घातलेली. त्यात यार्डातले उंदीर. धान्याच्या राशी शेजारी असताना त्यांना वायरीच का गोड लागतात, यावर सगळ्यांची मतं आहेत. वायरमनचं नाही. तो कुरतडलेला तुकडा कापतो आणि नवा जोडतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 च्या गाड्या आल्या आणि मतं देणाऱ्यांत एकाची भर पडली: स्कॅनर. तो जोडला की पडद्यावर तक्रारींची यादीच येते. हा सेन्सर खराब, तो खराब, तिसराही संशयास्पद. सगळे एकदम कसे मरतील? संगणक अनेक सेन्सरना एकाच ठिकाणाहून 5 व्होल्ट पुरवतो. त्यांतला एक शॉर्ट झाला, की त्याच्यासोबत इतरांचाही पुरवठा बसतो. इथे वायरमन बल्ब खिशात ठेवतो, कारण त्याचा भार संगणकाला सोसणारा नाही, आणि मीटर काढतो. एकेका सेन्सरचा प्लग काढत जातो. ज्याचा काढल्यावर 5 व्होल्ट परत दिसतात, तो गुन्हेगार. बाकीचे निर्दोष सुटतात.

पण सगळ्यात गमतीची तक्रार जुन्या गाड्यांचीच. एक पिकअपवाला आला तो ॲक्सिलरेटरची केबल जळते म्हणून. एक बदलली, दुसरी बदलली, दोन्ही धुरकटून आखडल्या. केबल ही नुसती ओढायची तार, तिला विजेशी काय देणंघेणं? वायरमनने मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं. काटा जवळजवळ हलायलाच नको होता. तो चांगला वर चढला.

सेल्फला एका दमात शेकडो अँपिअर लागतात. घरातली इस्त्री चार-पाच अँपिअरवर भागवते. एवढा लोंढा बॅटरीतून अंगठ्याएवढ्या केबलने जातो, हे सगळ्यांना दिसतं. तो परत कसा येतो, हे कुणी बघत नाही. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसलेलं असतं, म्हणून ते चासीला तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडतात. ती पट्टी खाली चिखलात, पावसात गंजून तुटली होती. करंट काही थांबून राहिला नाही. त्याने इंजिनापासून केबिनपर्यंत जाणारी दुसरी वाट शोधली, आणि ती होती बिचारी ॲक्सिलरेटरची केबल.

पट्टी बदलली, नटाखालचा गंज कानशीने घासून लोखंड उघडं केलं, आवळलं. सेल्फ असा फिरला की शेजारच्या शेडमधलं कुत्रं उठून बसलं.

मग बिलावरून वाद. "एका पट्टीचे एवढे? नट तर आवळला!" वायरमनने पाना पुसत विचारलं, "मालक, दोन केबलींचे किती दिलेत?" मालकाने आकडा सांगितला. तो या बिलाच्या कितीतरी पट होता, आणि तिथे त्याने घासाघीस केलेली नव्हती, कारण केबल गेली हे त्याचं स्वतःचं मत होतं. स्वतःच्या मतासाठी माणूस कितीही मोजतो. तपासणीचे पैसे मात्र त्याला महाग वाटतात. अखेर वायरमनने थोडे कमी केले. ते का केले, यावर शेडमध्ये संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळी मतं होती.