पाय चपळ, म्हणून पाप माफ?

‘प्रत्येकाला दुसरी संधी मिळायला हवी.’ अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हे वाक्य सारखं कानावर पडतं. म्हणणारा असतो प्रशिक्षक. ज्याच्यासाठी म्हटलं जातं, त्याच्या नावावर कोर्टात लागलेला गुन्हा असतो. आणि बहुतेक वेळा तोच संघातला हुकमी एक्का असतो.

राखीव बाकावरच्या पोरासाठी हे वाक्य कुणी म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसरी संधी मिळावी. एकोणीस-वीस वर्षांच्या माणसाला एका रात्रीसाठी जन्मभर दाराबाहेर उभं करणं मला मान्य नाही. पण संधी कशाची? वर्गात बसून पदवी घेण्याची, की सत्तर हजार लोकांच्या टाळ्यांत जर्सी घालून धावण्याची? या दोन संधी वेगळ्या आहेत. तिकडे त्या एकाच पुडीत बांधून देतात आणि पुडीवर ‘शिक्षण’ असं लिहितात.

पुडी उघडून पाहू.

१९९५ साल, नेब्रास्का विद्यापीठ. लॉरेन्स फिलिप्स हा संघाचा नावाजलेला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. सप्टेंबरमधल्या एका पहाटे तो संघातल्याच एका खेळाडूच्या घरात घुसला. तिथे त्याची पूर्वीची मैत्रीण होती. त्यानं तिला मारलं आणि केसांना धरून जिन्यावरून खाली फरफटत नेलं. कोर्टात त्यानं आरोपांना आव्हान दिलं नाही. त्याला प्रोबेशन मिळालं. प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांनी आधी त्याला संघातून काढलं, मग निर्णय फिरवला आणि सहा सामन्यांनंतर परत घेतलं.

२ जानेवारी १९९६. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, फिएस्टा बोल. नेब्रास्का ६२, फ्लोरिडा २४. फिलिप्सच्या नावावर १६५ यार्डांची धाव आणि तीन टचडाउन. सप्टेंबर ते जानेवारी, मोजून चार महिने.

आता जी गोष्ट या कहाणीत कायम मागे पडते, ती सांगतो. ती मुलगीसुद्धा खेळाडू होती. त्याच विद्यापीठात बास्केटबॉल खेळत होती. तिचंही शिक्षण तिथेच चाललं होतं, सरावही तिथेच होता. देशभर चर्चा झाली ती फिलिप्सच्या भवितव्याची. विद्यापीठाला दोन खेळाडूंचं भवितव्य सांभाळायचं होतं. त्यांनी कुणाचं सांभाळलं, ते ६२-२४ या आकड्यात लिहिलेलं आहे.

ऑसबोर्न यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. फिलिप्सचं लहानपण कॅलिफोर्नियातल्या बालगृहात गेलं होतं. मागे घर नाही, पाठीवर हात ठेवणारं कुणी नाही. फुटबॉलची शिस्त हाच त्याचा एकमेव आधार आहे, तो काढला तर पोरगा हातचा जाईल, असं ऑसबोर्न म्हणत. ते मनापासून म्हणत असावेत. पण आधार म्हणजे काय? राहायला जागा, रोजचा वर्ग, उपचार, वेळेवर फोन करून ‘कुठे आहेस?’ असं विचारणारा माणूस. यातलं सगळं देता येतं. त्यासाठी त्याला अंतिम सामन्यात उतरवावंच लागतं का?

नाही लागत. सामना जिंकायला लागतं.

पुढचं ऐका. १९९६ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत सेंट लुइस रॅम्सनं फिलिप्सला सहाव्या क्रमांकावर उचललं आणि पुढच्याच वर्षी काढून टाकलं. मग संघ बदलत गेले, पोलिस ठाणी बदलत गेली. २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यानं काही मुलांवर मोटार घातली. तीस वर्षांहून जास्त कैद झाली. जानेवारी २०१६ मध्ये तो तुरुंगाच्या कोठडीत निपचित सापडला आणि मरण पावला. वय ४०. दरम्यान ऑसबोर्न नेब्रास्कातून अमेरिकी संसदेत निवडून गेले होते.

त्याला मैदान मिळालं. माणूस वाचला नाही. मग ती दुसरी संधी नेमकी कुणाला मिळाली होती?

दुसरं नाव, जो मिक्सन. ओक्लाहोमा विद्यापीठ, जुलै २०१४. कॅम्पसजवळच्या एका खाद्यगृहात त्यानं एका विद्यार्थिनीच्या तोंडावर ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. कोर्टानं शंभर तासांची समाजसेवा सांगितली. विद्यापीठानं एक हंगाम बंदी घातली, पुढचे दोन हंगाम तो खेळला आणि गाजला.

डिसेंबर २०१६ मध्ये त्या ठोशाची चित्रफीत लोकांसमोर आली. तेव्हा प्रशिक्षक बॉब स्टूप्स म्हणाले, त्या वेळी एका वर्षाची बंदी आम्हाला कडक वाटली होती, पण आज असं घडलं तर खेळाडूला काढूनच टाकावं लागेल. ही चित्रफीत त्यांनी २०१४ मध्येच पाहिली होती.

ठोसा तोच. हाडं तीच. बदलले होते फक्त प्रेक्षक.

काही महिन्यांत व्यावसायिक लीगच्या निवडीत दुसऱ्याच फेरीत मिक्सनला संघ मिळाला. त्यानं तोवर जाहीर माफी मागितली होती, हेही नोंदवतो. माफी खरी असेल. पण माफी खरी आहे की नाही हे तपासायला ज्याला बसवलं जातं, त्या प्रशिक्षकाची नोकरी त्याच खेळाडूच्या धावण्यावर अवलंबून असते. अशा माणसाचा निवाडा तुम्ही तुमच्या घरातल्या भांडणात तरी मानाल का?

मग उपाय काय? कोर्टात दोषी ठरला की बाहेर, असा सरळ नियम करावा? तो ऐकायला सोपा वाटतो. दोन उदाहरणं पाहा.

१९९८ मध्ये ब्रेन्डा ट्रेसी नावाच्या तरुणीनं चार जणांनी बलात्कार केल्याची तक्रार दिली. त्यातले दोघे ओरेगन स्टेट विद्यापीठाचे फुटबॉलपटू. खटला उभाच राहिला नाही. प्रशिक्षक माइक रायली यांनी दोघांना एका सामन्यापुरतं बसवलं आणि ही चांगली मुलं आहेत, त्यांचा निर्णय चुकला, अशा अर्थाचं बोलले. एक सामना! उशिरा सरावाला आलं तरी तेवढी शिक्षा होते. सोळा वर्षांनी ट्रेसी नाव उघड करून बोलल्या, तेव्हा रायली यांनी माफी मागितली आणि पुढे आपल्या नव्या संघासमोर त्यांना बोलायला बोलावलं. चांगलं केलं. पण ‘दोषी ठरला तरच’ या नियमात ते दोन खेळाडू कधीच अडकले नसते.

उलट बाजूला ब्रायन बँक्स. लाँग बीचचा शाळकरी खेळाडू, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ त्याला घ्यायला तयार होतं. २००२ मध्ये सोळाव्या वर्षी बलात्काराचा आरोप झाला. खटला हरलास तर ४१ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत काहीही होऊ शकतं, अशी भीती समोर होती. त्यानं खटला न लढण्याचा सौदा स्वीकारला आणि पाच वर्षं तुरुंगात काढली. नंतर तक्रारदारानंच आरोप मागे घेतला आणि २०१२ मध्ये कोर्टानं त्याची शिक्षा रद्द केली. तोवर विद्यापीठ गेलं, विशी गेली.

बँक्स कृष्णवर्णीय. हाताशी पैसा नाही. आता याच्या अगदी उलट, स्टॅनफर्डचा जलतरणपटू ब्रॉक टर्नर आठवा. बेशुद्ध तरुणीवर लैंगिक अत्याचार, २०१६ मध्ये तीन गंभीर गुन्ह्यांत दोषी. सरकारी वकिलांनी सहा वर्षं मागितली होती. न्यायाधीशांनी सहा महिने दिले, कारण तुरुंगाचा त्याच्यावर फार परिणाम होईल असं त्यांना वाटलं. तो तीन महिन्यांत बाहेर आला. बातम्यांत त्याच्या पोहण्याच्या वेळासुद्धा छापून आल्या. तिच्या आयुष्यावरचा परिणाम कोणत्या घड्याळात मोजायचा होता?

तिथल्या मतदारांनी निदान एक काम केलं. जून २०१८ मध्ये मतदान करून त्या न्यायाधीशांना पदावरून खाली उतरवलं. अमेरिकेच्या जलतरण संघटनेनंही टर्नरला कायमचं बाहेर केलं.

म्हणजे खेळाच्या संघटना कडक होऊ शकतात. इच्छा असली तर.

कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए. अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला खेळू देऊ नये, असा सरसकट नियम तिच्याकडे नाही. खेळाडूनं अशी चौकशी किंवा शिक्षा झाली असेल तर ती दरवर्षी विद्यापीठाला कळवायची, एवढा नियम तिनं २०२० मध्ये मंजूर केला. कळवल्यावर काय करायचं? ते विद्यापीठानं ठरवायचं. विद्यापीठात कोण ठरवणार? फिरून पुन्हा प्रशिक्षकाच्याच खोलीत.

इंडियाना विद्यापीठानं २०१७ मध्ये स्वतःहून रेघ ओढली. लैंगिक किंवा घरगुती हिंसेच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला नवा खेळाडू घेणार नाही, असं जाहीर केलं. म्हणजे अशक्य काहीच नव्हतं.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. मिशेल जोन्स. पोटच्या चार वर्षांच्या मुलाच्या खुनासाठी इंडियानाच्या तुरुंगात वीस वर्षं काढलेली बाई. गुन्हा भयंकर, त्याला दुसरा शब्द नाही. पण तिथे बसून तिनं इतिहासाचं इतकं चांगलं संशोधन केलं, की हार्वर्डच्या इतिहास विभागानं तिला पीएच.डी.साठी निवडलं. २०१७ मध्ये विद्यापीठाच्या वरिष्ठांनी ती निवड रद्द केली. न्यूयॉर्क विद्यापीठानं तिला घेतलं. तुरुंगातून सुटली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसली.

वीस वर्षं शिक्षा भोगलेल्या बाईला ग्रंथालयात बसू द्यावं का, यावर वाद. सहा सामन्यांनंतर परतलेल्या फिलिप्सला अंतिम सामन्यात उतरवायला विद्यापीठाला अडचण नाही. बाईला फक्त वाचायचं होतं. तिच्या वाचण्यावर तिकीट विकलं जात नाही, हाच तिचा दोष?

कॉलेजच्या प्रवेशअर्जात गुन्ह्याचा रकाना असायचा. पूर्वी गांजा ओढताना पकडला गेलेला, दुकानात चोरी केलेला कुणीही पोरगा त्या रकान्यापाशी थबकायचा. कित्येकांनी अर्ज तिथेच सोडून दिला असेल. शेकडो कॉलेजांच्या सामाईक अर्जातून तो रकाना २०१९ मध्ये निघाला. तुरुंगातल्यांना मिळणारी सरकारी शिक्षणमदत १९९४ मध्ये बंद केली होती, ती जुलै २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. खरी दुसरी संधी म्हणतात ती ही. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, वही आणि पेन आहे. हिच्यासाठी एकोणतीस वर्षं लागली.

खेळाडूंमध्येही असं उदाहरण आहे. मॉरिस क्लॅरेट. ओहायो स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा. पुढे दरोड्याच्या गुन्ह्यात आत गेला आणि साडेतीन वर्षांनी, २०१० मध्ये बाहेर आला. तो त्याच विद्यापीठात परतला, पण वर्गात. नंतर व्यसनात आणि मानसिक त्रासात सापडलेल्या तरुणांसाठी काम उभं केलं. विद्यापीठानं त्याला चेंडू दिला नव्हता. त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

‘अहो, ही तर विद्यार्थी मुलं,’ ही ढालसुद्धा आता गळून पडली आहे. २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची. पगार घेणारा माणूस नोकरदार असतो. कोणतीही बरी कंपनी मारहाणीच्या गुन्ह्यातल्या माणसाला ग्राहकांसमोर उभं करण्याआधी दहा वेळा विचार करते. विद्यापीठानं एकदा तरी करावा.

म्हणून माझा निवाडा असा. वर्गाचं दार उघडं ठेवा, शिष्यवृत्तीही द्या, उपचाराचा खर्चही करा. जर्सी नंतर. शिक्षा पूर्ण झाल्यावर, पीडितेचं म्हणणं आधी ऐकून, आणि खेळाच्या खात्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांच्या समितीनं हो म्हटल्यावर. ती मुलगी त्याच कॅम्पसवर शिकत असेल, तर तिला रस्ता बदलायला लागता कामा नये. त्यानं बदलावा.

आणि एक विनंती. आपल्याकडची हजारो मुलं-मुली दर ऑगस्टला त्या कॅम्पसवर जातात. आई-वडील क्रमवारी पाहतात, भाडं पाहतात, किराणा कुठे मिळतो ते पाहतात. अमेरिकेतल्या कायद्यानुसार जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी तो वाचा, आणि खेळाडूबद्दल तक्रार आली तर निर्णय कोण घेतं, हे विद्यापीठाला लेखी विचारा.