अंदाजपत्रकाहून स्वस्त

शासकीय बांधकामाचा खर्च दरसूचीवरून, म्हणजे साहित्य आणि मजुरी यांचे मान्य दर नोंदवणाऱ्या पुस्तिकेवरून, शासनाचेच अभियंते काढतात आणि त्याहून पुष्कळ कमी रकमेत तेच काम करून दाखवण्याची तयारी असलेल्या पात्र ठेकेदाराला ते बहुधा मिळते. अशा वेळी एक तर अभियंत्यांचा हिशेब जाड असतो किंवा रस्ता पातळ, मात्र यांपैकी काय, हे विचारणारा रकाना निविदेत नसतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत ठेकेदार निवडताना गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार देण्याची मुभा दिली, तीही निवडक कामांपुरती, आणि चालू देयकाची, म्हणजे काम सुरू असताना सादर होणाऱ्या बिलाची, किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजी दिवसांत द्यावी असे सांगितले. या सूचना केंद्राच्या खात्यांसाठी असल्याने जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावातल्या शाळाखोलीला त्यांचा उपद्रव होण्याचे कारण नाही. तेथे देयक निधीची वाट पाहते आणि ठेकेदार देयकाची. रस्त्यांचे म्हणाल तर, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ५ वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि तसे रस्त्याकडेच्या फलकावर लिहिलेले असते. फलकाच्या देखभालीची वेगळी तरतूद दिसत नाही, बहुधा तिची गरजच पडत नसावी.